नवी बॅटरी पुन्हा पुन्हा का उतरते? जुन्या गाडीतला दोष मीटरने कसा पकडायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. २००७ ची पेट्रोल वॅगन आर, गाडी रत्नागिरीत, घर समुद्राजवळ. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या झाल्या. रोज चालवली तर सुरू होते. दोन-तीन दिवस उभी राहिली की चावी फिरवल्यावर नुसतं टक-टक-टक. सिग्नलला हेडलाइट मंद होतात. मागचा इंडिकेटर लावला की शेजारचा ब्रेकचा दिवाही मिणमिणतो. एक वायरमन म्हणतो डायनामो (चालू इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर) बदला, दुसरा म्हणतो बॅटरीच खराब लागली. मीटरवर तर १२.४ व्होल्ट दिसतात, मग बॅटरी ठीकच ना?

१२.४ म्हणजे ठीक नाही, आणि १२.४ म्हणजे खराबही नाही. भरलेली बॅटरी काही तास विसावली की १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० ला जेमतेम पाव उरलेली आणि ११.८ च्या खाली रिकामीच. पण हे आकडे फक्त किती भरली आहे ते सांगतात, पोटात जागा किती उरली आहे ते सांगत नाहीत. ३५ अँपिअर-अवरची (३५ तास एक अँपिअर देण्याएवढी) बॅटरी प्लेटांवर सल्फेटचा थर धरून दहा-बारावर आली, तरी पूर्ण चार्ज केल्यावर ती १२.६ च दाखवणार. म्हणून जुन्या गाडीत मोजायचं ते शक्यतो करंट वाहत असताना. बंद गाडीवर मीटर लावून दिलेला निकाल अर्धाच असतो, आणि तेवढ्यावर लोक हजारो रुपयांचे पार्ट बदलतात.

तुमच्या वर्णनात मला तीन वेगळ्या तक्रारी दिसतात: उभ्या गाडीत बॅटरी उतरणं, आयडलला, म्हणजे सिग्नलला इंजिन मंद चालताना, दिवे मंद होणं आणि मागच्या दिव्यांचं मिणमिणणं. यातली तिसरी बहुतेक दहा मिनिटांची आहे. ती शेवटी पाहू. पहिली महत्त्वाची.

बॅटरी दोषी की गाडी?

याचा निवाडा १० नंबरच्या पान्याने होतो. आधी बॅटरी काढून चार्जरवर पूर्ण चार्ज करून घ्या. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साधारण साडेतीन अँपिअर, दहा-बारा तास. गावातला बॅटरीवाला हे काम रात्रभरात करून देतो. दुकानात 'फास्ट चार्जिंग' म्हणून तासाभरात १५ अँपिअर कोंबले तर बॅटरी वरवर भरते आणि प्लेटा तापतात, त्यामुळे ते नको म्हणा. चार्ज झाल्यावर चार-सहा तास तशीच ठेवा. घाई असेल तर गाडीत लावून हेडलाइट दोन मिनिटं पेटवा, बंद करा आणि पंधरा मिनिटांनी मोजा. चार्जिंगनंतरचं फुगीर व्होल्टेज असं उतरवल्याशिवाय खरा आकडा दिसत नाही.

आकडा कागदावर लिहा, समजा १२.६४. आता निगेटिव्ह क्लॅम्प, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर आवळलेली केबलची पकड, काढा, त्याला फडकं गुंडाळून बाजूला करा आणि जेवढ्या दिवसांत गाडी दगा देते तेवढे दिवस, म्हणजे तीन दिवस, तशीच ठेवा. रेडिओची स्टेशनं आणि घड्याळ जाईल, तेवढं सोसावं लागेल.

तीन दिवसांनी क्लॅम्प लावण्याआधी पुन्हा मोजा. १२.६ च्या आसपास आहे आणि क्लॅम्प लावून गाडी झटक्यात सुरू झाली, तर बॅटरी निर्दोष आहे, गाडी तिचं रक्त पीत होती. १२.६४ चे १२.२ झाले, तर बॅटरी स्वतःच्या पोटातच गळते आहे. वायरिंग उसवायचं कारण नाही. आणि आकडा १०.५ च्या आसपास आला, तर हिशेब सरळ आहे: सहा सेल, प्रत्येकी २.१ व्होल्ट, त्यातला एक गेला. अशी बॅटरी कितीही वेळा चार्जिंगला लावा, ती परत उभी राहत नाही.

वर बुचं असलेली बॅटरी असेल तर हायड्रोमीटर, म्हणजे आम्लाची घनता मोजणारी नळी, मीटरपेक्षा जास्त बोलतो. सहाही सेलचं आम्ल ओढून आकडे लिहा. पाच सेल १.२४० आणि एक १.१७० असला, तर तो एक सेल मेलेला आहे. सेलांमधला फरक ०.०५० पेक्षा जास्त असणं हेच वाईट लक्षण. सगळे सारखेच खाली असतील तर बॅटरी नुसती उतरलेली आहे, चार्ज होईल. पाणी नुकतंच घातलं असेल तर आकडा खोटा येतो, आधी चार्ज करा. पाणी म्हणजे डिस्टिल्डच. आम्ल घालून 'ताकद' वाढवणारे अजून भेटतात, त्यांना दूर ठेवा. सीलबंद बॅटरीवरचा हिरवा डोळा सहापैकी एकाच सेलकडे बघतो. तो हिरवा असून शेजारचा सेल गेलेला असू शकतो.

मग सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) मारताना मोजा. मीटरच्या पिना क्लॅम्पवर नाही, बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवरच टेकवा. दुसऱ्या माणसाला चावी फिरवायला सांगा. गाडी लगेच सुरू होऊ नये म्हणून आधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढा. तीन-चार सेकंद सेल्फ फिरताना व्होल्टेज १०.५ च्या वर राहिलं तर छान, ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ अवाजवी करंट ओढतो आहे. दोन्हींतलं कोणतं, हे डीसी क्लॅम्प मीटर, म्हणजे केबलभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर, सांगतो. या मापाच्या पेट्रोल इंजिनला फिरताना साधारण १०० ते १५० अँपिअर लागतात. २५० दिसले तर बहुधा सेल्फचे बुश (आधाराच्या कड्या) झिजून आतलं फिरणारं आर्मेचर घासतं आहे, बॅटरीवर खापर फोडू नका. तुम्ही सांगितलेल्या टक-टक आवाजातही थोडी माहिती आहे. भराभर टक-टक-टक म्हणजे सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) ओढतो, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज चढतं, पुन्हा ओढतो: वीज कमी पडते आहे. एकच जाड 'टक' होऊन शांतता, आणि डॅशबोर्डचे दिवे मंदही होत नाहीत, तर सोलेनॉइडची तांब्याची टिकली जळालेली किंवा सेल्फचे कार्बन (ब्रश) संपलेले.

उभ्या गाडीत कोण पितं?

समजा निवाडा गाडीच्या विरुद्ध लागला. तुमच्या वर्णनावरून तोच लागेल असं मला वाटतं, कारण हिशेब जुळतो. निरोगी जुनी गाडी बंद असताना २० ते ५० मिलिअँपिअर घेते: ईसीयूची (इंजिनच्या संगणकाची) मेमरी, घड्याळ, रेडिओ. ५० धरले तरी दिवसाला १.२ अँपिअर-अवर, म्हणजे दोन आठवडे चिंता नाही. पण गळती ०.३ अँपिअरची असेल तर दिवसाला ७.२, अडीच दिवसांत १८, म्हणजे ३५ ची निम्मी बॅटरी साफ. वर्षभर असं निम्मं रिकामं होत राहिलं की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, पोट लहान होतं आणि मग दीड दिवसातच गाडी बसते. दोन बॅटऱ्या अशाच गेल्या असाव्यात. तिसरीही जाईल.

मोजायची रीत. बॉनेट उघडं, काचा खाली. काचा खाली का, तर बाहेरून बसवलेलं सेंट्रल लॉकिंग वीज तोडून जोडली की कधी कधी स्वतःच लॉक मारतं आणि चावी आत राहते. दारं उघडी ठेवणार असाल तर दाराच्या कडेचं लॉक स्क्रूड्रायव्हरने दाबून मिटवा आणि चौकटीतलं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवा, नाहीतर छताच्या दिव्याचा करंट मोजत बसाल. डिकीचा दिवाही विसरू नका.

मीटर लावण्याआधी निगेटिव्ह खुंट आणि काढलेला क्लॅम्प यांच्यामध्ये ५ वॉटचा १२ व्होल्टचा बल्ब जोडा. बल्ब लख्ख पेटला तर गळती ०.४ अँपिअर किंवा जास्त आहे. तांबूस मिणमिणला तर त्याहून कमी, पण दखल घेण्याजोगी आहे. अजिबात नाही पेटला तर थोडी आहे. हा बल्ब तुमच्या मीटरचा फ्यूज वाचवतो. मग लाल वायर मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात घाला, लाल पिन क्लॅम्पला, काळी खुंटाला. मीटर असा मधे असताना चावी फिरवायची नाही, हेडलाइट लावायचे नाहीत. सेल्फ मारला तर मीटर जागीच मरतो. सुरुवातीला आकडा मोठा येईल, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग बघा. मोजून झालं की लाल वायर परत व्होल्टच्या भोकात. ती १० अँपिअरमध्येच विसरून बॅटरीचे व्होल्ट मोजायला गेलं की ठिणगी उडते आणि पिन वितळते.

आकडा ०.२८ दिसतो असं धरू. आता फ्यूज एकेक करून काढा, आकडा बघा, परत लावा. ज्या फ्यूजवर ०.२८ वरून ०.०३ वर आला, त्याच्या सर्किटवर चोर बसला आहे. या वयाच्या गाड्यांत तो बहुतेक वेळा कंपनीचा नसतो, नंतर बसवलेला असतो. म्युझिक सिस्टिमच्या पिवळ्या वायरला कायमची वीज लागते आणि लाल वायरला चावी फिरवल्यावरची. घाईत बसवणारा दोन्ही पिळून एकत्र जोडतो. सिस्टिम चावीविना चालू होते, मालक खूश होतो आणि ती कधी पूर्ण झोपत नाही. त्यानंतर संशय घ्यायचा तो सेंट्रल लॉकिंगच्या डब्याचा, रिव्हर्स कॅमेऱ्याचा, जीपीएस ट्रॅकरचा, डॅशकॅमचा आणि सिगारेट लायटरमध्ये कायम खुपसून ठेवलेल्या चार्जरचा.

सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही, तर फ्यूजबॉक्सच्या बाहेर बघा. पॉझिटिव्ह क्लॅम्पच्या बोल्टखाली किती वायरी दाबल्या आहेत ते मोजा. मोठा हॉर्न, फॉग लाइट, ॲम्प्लिफायर, सगळे थेट तिथून गेलेले असतात, पुष्कळदा फ्यूजशिवाय. त्या सोडवून बघा. तरीही आकडा तसाच असेल तर डायनामो. त्याच्या आत वीज एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड असतात; एक फुटला की उभ्या गाडीत बॅटरी डायनामोच्या तारेतून उलटी रिकामी होते. सोपी खूण अशी: रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या डायनामोला सकाळी हात लावा. इंजिन गार आणि डायनामो कोमट, तर दुसरा पुरावा नको. खात्री करायची तर निगेटिव्ह क्लॅम्प काढून डायनामोची जाड वायर सोडवा, तिचं टोक टेपने गुंडाळा, आणि पुन्हा गळती मोजा.

रिलेलाही (छोट्या करंटने मोठा करंट जोडणाऱ्या स्विचच्या डबीलाही) हात लावून बघत चला. बंद गाडीत एखादा रिले कोमट लागला तर त्याच्या कॉइलला वीज मिळते आहे किंवा त्याचे पॉइंट चिकटले आहेत.

समुद्राकाठच्या गाडीत जोड आधी बघा

कोकणात, गोव्यात, खारट हवेत गाडीची वीज मरते ती जोडांमध्ये. वरून रबर शाबूत असतं आणि आत तांबं हिरवं पडलेलं असतं. हे मीटरच्या ओहमच्या, म्हणजे वायरचा अडथळा मोजायच्या, रेंजवर मोजलं तर काहीच सापडत नाही, कारण मीटर इवलासा करंट सोडतो आणि तेवढा एका धाग्यातूनही जातो. ०.०१ ओहम हा आकडा साध्या मीटरवर शून्यच दिसतो. पण त्यातून सेल्फचे १५० अँपिअर गेले की १.५ व्होल्ट तिथेच जळतात.

म्हणून व्होल्टेजची घट मोजायची. मीटर २० व्होल्ट डीसीवर, फ्युएल पंपाचा फ्यूज काढलेला. एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर, दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर. बंद गाडीत शून्य दिसेल. सेल्फ मारा. ०.५ व्होल्टच्या आत राहिलं तर वाट मोकळी आहे. मग एक पिन निगेटिव्ह खुंटावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर: इथे ०.२ पेक्षा जास्त नको. जास्त आलं तर वाटेवर एकेक पायरी मोजत जा. खुंट ते क्लॅम्प, क्लॅम्प ते वायर, वायर ते बॉडीचा बोल्ट, बॉडी ते इंजिन. खुंटावर ०.०३ आणि क्लॅम्प ते वायर ०.९ असं दिसलं की दोष बोट ठेवून दाखवता येतो: वायर जिथे क्लॅम्पमध्ये दाबली आहे, तिथेच.

तिथलं रबर इंचभर सोला. तांबं काळं किंवा हिरवं असेल तर नुसतं घासून उपयोग नाही, त्याला डाग (सोल्डर) धरत नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा. तेवढी लांबी उरत नसेल तर केबलच नवी करा, २५ चौरस मिलिमीटरची, दाबून बसवलेल्या लगसह (टोकाच्या धातूच्या कडीसह). दोन स्क्रूंच्या पट्टीखाली वायरचे धागे दाबणारे बाजारातले स्वस्त क्लॅम्प तात्पुरतेच बरे. दोन पावसाळ्यांत त्या पट्टीखाली पुन्हा हिरवळ येते.

इंजिनची अर्थिंग पट्टी, म्हणजे बॉडी ते गिअरबॉक्स जाणारी वायर, हिच्याकडे फार थोडे लोक बघतात. ती तुटली की सेल्फचा परतीचा करंट दुसरी वाट शोधतो आणि ती वाट म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल. सेल्फ मारल्यावर केबलचं वेष्टन गरम लागत असेल, तिचं प्लास्टिक आतून वितळून केबल अडकायला लागली असेल, तर केबल बदलण्याआधी अर्थिंग लावा. संशय असेल तर जंपर केबलने निगेटिव्ह खुंट थेट इंजिनच्या धातूला जोडून सेल्फ मारा. मरगळलेला सेल्फ एकदम फिरला, तर दोष सापडला.

सफाईची रीत अशी. निगेटिव्ह आधी काढायचा, शेवटी लावायचा. पांढरा-हिरवा फुलोरा कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून धुवा, फेस थांबेपर्यंत. बुचांतून सोडा आत जाऊ देऊ नका. खुंट आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिशपेपरने पिवळसर-राखाडी चमक येईपर्यंत घासा, घट्ट करा, आणि मग वरून पेट्रोलियम जेली फासा. आधी जेली, मग क्लॅम्प हा क्रम उलटा आहे. बॉडीच्या अर्थ बोल्टखालचा रंग आणि गंज खरवडून काढा.

डायनामो बदलायच्या आधी

इंजिन सुरू करा, साधारण २००० आरपीएमवर धरा, खुंटांवर मोजा. १३.८ ते १४.५ यायला हवेत. मग हेडलाइट, ब्लोअर, एसी सगळं लावा, १३.३ च्या वर टिकलं तर डायनामो आपलं काम करतो आहे. आयडलला दिवे किंचित मंद होणं हा या वयाच्या गाड्यांचा स्वभाव आहे. ५५ वॉटचे दोन हेडलाइट आणि मागचे-पुढचे दिवे मिळून दहा अँपिअर, त्यात ब्लोअर, एसीचा क्लच आणि रेडिएटरचा पंखा. आयडलला डायनामो तेवढं देऊ शकत नाही. व्होल्टेज १३ च्या आसपास राहिलं तर सोडून द्या. १२.५ च्या खाली जात असेल तर गाडी बॅटरीवर चालली आहे, शोध घ्यायला हवा.

आधी बेल्ट: मधोमध अंगठ्याने दाबल्यावर आठ-दहा मिलिमीटर दबावा, कडा काचेसारख्या चकचकीत झालेल्या नसाव्यात. नंतर डायनामोच्या जाड बोल्टवर मोजा. तिथे १४.४ आणि बॅटरीवर १३.४, तर डायनामो ठणठणीत आहे, मधली वायर किंवा तिचा लग एक व्होल्ट खातो आहे. दोन्हीकडे कमी, तर चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा पेटतो का ते बघा. पुष्कळ जुन्या गाड्यांत डायनामोला पहिली चालना त्या दिव्यातूनच मिळते. बल्ब गेला असेल तर डायनामो आयडलला झोपलेलाच राहतो आणि बिचाऱ्याची खोटी बदनामी होते. दिवा पेटतो, सुरू झाल्यावर विझतो, तरी व्होल्टेज कमी, तर कार्बन झिजले असतील किंवा कटआउट (व्होल्टेज रेग्युलेटर) गेला असेल. हे दोन्ही सुटे मिळतात, अख्खा डायनामो घ्यायची गरज नाही. सुरू गाडीत तो दिवा पूर्ण न विझता मंद जळत राहिला तर डायोडकडे बोट जातं.

व्होल्टेज १५ च्या वर गेलं तर ते कमी असण्यापेक्षा वाईट. बॅटरी सारखं पाणी पिते, कुजक्या अंड्याचा वास येतो, बल्ब पटापट उडतात. कटआउट ताबडतोब बदला.

डायनामो चालतो का हे बघायला सुरू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून दाखवणारा वायरमन भेटला तर त्याचा हात धरा. कार्ब्युरेटरच्या गाडीत ते खपून जायचं. एमपीएफआय, म्हणजे संगणकाने पेट्रोल फवारणाऱ्या, गाडीत बॅटरी सुटली की डायनामोचं व्होल्टेज क्षणात उसळतं आणि ईसीयू, कटआउट, म्युझिक सिस्टिम यांपैकी कोणाचा बळी जाईल ते सांगता येत नाही. तसंच, ट्रक किंवा एसटीच्या २४ व्होल्टच्या जोडावरून जंप घेऊ नका.

मागचे दिवे आणि उडणारा फ्यूज

इंडिकेटर लावल्यावर ब्रेकचा दिवा मिणमिणतो तो मागच्या दिव्याच्या अर्थिंगमुळे. तिथल्या सगळ्या बल्बांची परतीची वायर एकच. ती तुटली की इंडिकेटरचा करंट शेजारच्या बल्बांच्या तारेतून उलटा घुसून वाट काढतो. कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) काढा, काळी वायर आणि होल्डरची गंजलेली पत्री बघा, आणि खात्रीसाठी अर्थच्या टोकापासून बॉडीच्या स्वच्छ धातूपर्यंत एक तात्पुरती वायर लावा. मिणमिण थांबली की पक्की जोडा. वॅगन आरसारख्या मागे मोठं दार असलेल्या गाडीत दाराच्या बिजागरीजवळची रबरी नळीही सोलून बघा. दार हजारो वेळा उघड-मीट होऊन तिच्यातल्या वायरी आत तुटतात, दार वर असताना वायपर चालतो आणि मिटलं की बंद, अशी भुताटकी तिथूनच होते.

कुठली वायर शाबूत आहे हे तपासायला रिकाम्या टोकावर मीटर लावून १२ व्होल्ट बघू नका, एक धागा उरला तरी १२ दिसतात. २१ वॉटचा बल्ब जोडा. तो पूर्ण पेटला तरच वायर खरी.

हाच बल्ब सारखा उडणारा फ्यूज शोधायलाही कामी येतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी तो दोन पिनांवर जोडा आणि त्या सर्किटवरचे दिवे आणि उपकरणं काढून ठेवा. शॉर्ट असेपर्यंत बल्ब लख्ख जळेल, आणि तो वायर जाळू देणार नाही. मग वायरिंग हाताने हलवत जा: बॉनेटखालून आत येणारी रबरी बुचं, दारांच्या नळ्या, सीटच्या सळ्या, आणि पावसाळ्यात उंदरांनी घर केलेली बॅटरीमागची जागा. बल्ब जिथे विझतो तिथे दोष. फ्यूजला चांदीचा कागद गुंडाळणं किंवा निळ्या १५ च्या जागी हिरवा ३० ठोकणं म्हणजे फ्यूजऐवजी वायर जाळायचा परवाना.

हेडलाइटमध्ये १००/९० वॉटचे बल्ब असतील तर काढून ६०/५५ चे लावा. जुन्या गाड्यांत हा करंट बहुधा थेट स्टीअरिंगजवळच्या स्विचमधून जातो आणि स्विचचं प्लास्टिक वितळतं. उजेड कमी वाटतो तो बल्बमुळे नसतो. होल्डरवर मोजा, बॅटरीपेक्षा दीड-दोन व्होल्ट कमी सापडतील. दोन रिले, फ्यूज आणि बॅटरीपासून आणलेली जाड वायर असा संच बसवला की त्याच ५५ वॉटच्या बल्बचा उजेड डोळ्यांत भरतो.

एवढं करूनही बॅटरीच थकलेली ठरली, तर जुनी वॉरंटीत आहे का ते आधी पाहा. दुकानदार टेस्टर लावतो तेव्हा ती पूर्ण चार्ज केलेली हवी, नाहीतर 'चार्ज करून आणा' एवढाच निकाल मिळतो. बहुतेक वॉरंटीत सुरुवातीचे महिने फुकट बदली आणि उरलेल्या महिन्यांत फक्त सूट असते, कार्डावर दोन्ही आकडे असतात. नवी घेताना जुनीवरचा अख्खा कोड उतरवून न्या, जसं ३८बी२०एल. शेवटचं अक्षर एल की आर हे चुकलं तर खुंट उलट्या बाजूला येतात, आणि केबल ताणून बसवली की ती कशाला तरी घासणारच. फळीवर सहा महिने पडलेली बॅटरी घेऊ नका. दुकानातच मोजा, १२.४ च्या खाली असेल तर दुसरी मागा. आणि गळती काढून ५० मिलिअँपिअरच्या आत आल्याशिवाय ती गाडीत बसवू नका.